गडचिरोलीचा हिशेब मुंबईत जसाच्या तसा?

संपादक महोदय,

नवजात बाळांच्या घरपोच सेवेवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला, पण त्यातले एक गणित खटकले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीत केलेल्या प्रयोगात एका बाळामागे ५.३ डॉलर खर्च आला, असे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. लेखकाने त्याला आजच्या डॉलरच्या दराने गुणले आणि मुंबईच्या झोपडपट्टीतही एवढ्यात भागेल असे सांगून टाकले.

सारी नोकरी आरोग्य खात्याचे हिशेब ठेवण्यात केल्यामुळे राहवत नाही. तेव्हाचे ५.३ डॉलर म्हणजे साधारण दोनशे रुपये, आणि ते खर्चही रुपयांतच झाले. डॉलर वधारला म्हणून गावातल्या आरोग्यदूताचे (घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्तीचे) मानधन त्या पटीत वाढत नसते.

हा घोळ तरी किरकोळ. खरी गोम मृत्युदरात आहे. त्या गावांत हजारी ६२ नवजात बाळे दगावत, ती संख्या साडेपंचवीसवर आली. अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता (मृतजन्म टळले तेही यात धरलेले). महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० साली हजारी ११ होता. तिथे अकराच्या अकरा बाळे वाचवली तरी नव्वद बाळांमागे एक मृत्यू टळेल! दर बाळाचा खर्च तोच ठेवला तरी एका जिवामागचा खर्च पाचपट होतो. तरीही तो करावा, असे माझे मत. पण आकडा खरा सांगून.

शिवाय सेवा तरी तीच कुठे आहे? गडचिरोलीत जंतुसंसर्ग झाला की आरोग्यदूत घरीच इंजेक्शन देत. २०११ पासूनच्या सरकारी योजनेत आशाताई सहा-सात भेटी देतात, अडीचशे रुपये मिळवतात आणि आजारी बाळाला दवाखान्यात पाठवतात. दवाखाना हाकेच्या अंतरावर असेल तर हेही चालते. गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडला?

महाराष्ट्रातच पुढे ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांत मिळून सात ठिकाणी हे काम करून पाहिले गेले. लेखकाने डॉलर बाजूला ठेवून भेटी किती, प्रशिक्षणाचे दिवस किती, देखरेखीला माणसे किती, औषधे किती, एवढे छापावे. दर आमच्या तालुक्याचे आम्ही घालू.

– एक निवृत्त लेखापाल, चंद्रपूर