संगणकीय खेळांची वर्गवारी नियमांवरून व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकीय खेळांविषयी वृत्तपत्रांत लिहिले जाते तेव्हा त्यांची विभागणी बहुधा पडद्यावर काय दिसते यावरून होते. बंदुका दिसल्या की खेळ ‘हिंसक’ ठरतो आणि रंगीत गोड गोळ्या दिसल्या की निरुपद्रवी. खेळ कशाचे बक्षीस देतो, हरल्यावर काय हिरावून घेतो आणि तो संपतो तरी कसा, यांचा पत्ता या विभागणीतून लागत नाही.

नियमांवरून वर्गवारी करणे आपल्याला नवे नाही. संजीवनी, गामिनी आणि अमर या कबड्डीच्या जुन्या प्रकारांत चढाई आणि पकड सारखीच असते. फरक आहे तो बाद गड्याचे काय करायचे एवढाच. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होतो, गामिनीत अख्खा संघ बाद होईपर्यंत बाद गड्याला बाहेर बसावे लागते, तर अमरमध्ये तो मैदान सोडतच नाही, केवळ गुण मोजला जातो.

हाच निकष संगणकीय खेळांना लावला तर अनपेक्षित शेजारी एकत्र येतात. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रूची एक तुकडी संपवली की दुसरी उतरते, ‘टेट्रिस’च्या नेहमीच्या प्रकारात ठोकळे पडतच राहतात. एकात गोळीबार आहे, दुसऱ्यात नाही, पण दोन्ही खेळ हरल्यावरच संपतात. उलट ‘पॅक-मॅन’ आणि ‘कँडी क्रश सागा’ या दोहोंत ‘जीव’ असले तरी त्यांचे काम निराळे आहे. पहिल्यात जीव संपले की डाव संपतो. दुसऱ्यात पाचही जीव गेले की एकेक जीव परत मिळेपर्यंत ३० मिनिटे थांबावे लागते, किंवा पैसे मोजून वाट पाहणे टाळता येते. गोड गोळ्यांच्या गोंडस चित्रांवरून हे कोणत्या पालकाला कळणार?

अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील अभ्यासकांनी २००५ मध्ये खेळांच्या घटकांची इंटरफेस (खेळाडू ज्यातून खेळ पाहतो व चालवतो तो भाग), नियम, उद्दिष्टे, खेळातील वस्तू व पात्रे आणि त्यांच्यात घडवता येणारे बदल अशी पाच गटांत मांडणी केली. तीत खेळाला एकाच कप्प्यात कोंबावे लागत नाही, ही तिची मोठी सोय. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये ‘फिफा १८’ या फुटबॉलच्या संगणकीय खेळासारख्या खेळांवर आक्षेप घेतला, तो चित्रांवर नव्हे, तर पैसे देऊन आत काय निघेल ते ठाऊक नसलेली पेटी उघडण्याच्या नियमावर. आपल्याकडील २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदाही ई-स्पोर्ट्स (स्पर्धा म्हणून खेळले जाणारे संगणकीय खेळ), सामाजिक खेळ (पैज न लावता करमणुकीसाठी खेळले जाणारे) आणि पैशांचे खेळ असा भेद करतो. पण कायद्याची चाळणी जाड असते. त्यातून सुटणारे पुष्कळ नियम घरातच तपासावे लागतात.

म्हणून विनंती अशी की, आपल्या दैनिकात नव्या खेळाची ओळख करून देताना तो संपतो का, हरल्यास काय गमवावे लागते, यश कौशल्यावर अवलंबून आहे की योगायोगावर आणि पैसे भरून नियमातून सूट मिळते का, एवढी माहिती चौकटीत द्यावी. चित्रांची गुणवत्ता आणि कथानक यांवरचा मजकूर थोडा कमी झाला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, सांगली