वरणाच्या टोपात शिसे

संपादक महाशय,

मी शिवोलीचा निवृत्त फिटर. पागेराच्या, म्हणजे हाताने फेकून मासे धरायच्या जाळ्याला लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या घरीच ओततो. जुन्या साच्यात गोळी एका बाजूने पोकळ निघायची. सांध्यावर कानशीने केसाएवढ्या चिरा मारल्या, हवेला वाट मिळाली, गोळी भरीव झाली. हे कौतुक पुरे. गेल्या पावसात शिशाचा ओलसर तुकडा कढईत टाकला आणि ३२७ अंशांच्या वर तापलेला रस मनगटावर उडाला. डाग अजून आहे. शेजारी तर स्वयंपाकघरात, वरणाच्या टोपातच शिसे वितळवतात, पोरे भोवती! शिसे मुलांच्या मेंदूला बाधते. जाळ्यांचे सामान विकणाऱ्या दुकानांनी हे पाटीवर ठळक लिहावे.

— एक वाचक, शिवोली, बार्देश