साहेब, पेंचला जमलं मग बाकी रोडचं काय?

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री साहेब,

नमस्कार. मुरदोलीचा तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत आलाच असेल. ऑगस्ट २०२३, गोंदिया-कोहमारा रोड, रात्रीची वेळ, कारने उडवलेला तरणा वाघ रोडवर कसाबसा सरपटतोय आणि कुणीतरी शूटिंग करतंय. उपचाराला नागपूरला नेता नेता गेला तो. त्याआधी डिसेंबर २०१७ मधे बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव वाघ असाच गेला, बाजारगावजवळ, नागपूर-अमरावती हायवेवर.

वाघाची निदान बातमी तरी होते हो. रानमांजर, मसन्याऊद, साप, पहिल्या पावसात रोडवर येणारे बेडूक, हे सगळे सकाळपर्यंत डांबराला चिकटून सपाट, त्यांचा पंचनामा कोण करतो?

तुम्ही म्हणाल पेंच व्याघ्र प्रकल्पाला केलं ना. केलंच, आणि भारी केलंय! मनसर-खवासा पट्ट्यात हायवे वर उचलला, खालून जनावरांना ९ ठिकाणी वाट सोडली, त्यातली सगळ्यात मोठी ७५० मीटरची, वर बाजूने उंच आडोसे म्हणजे ट्रकचा आवाज आणि लाईट खाली जाऊ नये. वाघ काय पुलाखालून जाणार म्हणून लोक हसत होते, पण २०१९ मधे भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले तर १८ जातींचे प्राणी सापडले, वाघ तर ८९ वेळा गेलेला. म्हणजे वाट दिली की जनावर वापरतं हे आपल्याच विदर्भात सिद्ध झालंय. फक्त त्याआधी कोर्टकचेऱ्या झाल्या आणि काम वर्षानुवर्षं लटकलं, तेवढं पुढच्या रोडला नको, प्लॅन काढतानाच वाट काढा.

आता जंगलातल्या प्रत्येक दुपदरी रोडवर पूल होणार नाही हे मलाही कळतं. पण रोडखालच्या ज्या मोऱ्या आधीच आहेत त्यातला गाळ तरी काढा, दोन्ही तोंडांना थोडी सुकी कड ठेवा, मुंगूस-साळिंदर आपोआप जातील. वळणावर रोडला चिकटलेली झुडपं छाटा म्हणजे चितळ एकदम समोर येणार नाही. आणि मधे तो सलग सिमेंटचा डिव्हायडर नका टाकू प्लीज, अर्ध्या रोडपर्यंत आलेलं जनावर तिथेच अडकतं, वर हेडलाईटने दिपून उभंच राहतं.

आणि स्पीड. नुसत्या "वन्यप्राणी क्षेत्र" बोर्डाकडे कोणी बघत नाही, मीही बघत नव्हतो खरं सांगायचं तर. १० किमीचा जंगलपट्टा ८० ने साडेसात मिनिटात जातो, ४० ने पंधरा, टपरीवर चहाला याहून जास्त वेळ घालवतो आपण. ब्रेकर टाका, दोन्ही टोकांना कॅमेरे लावून मधल्या वेळेवरून चलान फाडा. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ ट्रॅफिक बंद आहे, आम्ही तेवढंही मागत नाही, रात्रीची गाडी फक्त हळू जाऊ दे. आणि माकडांना चिप्स टाकणाऱ्यांनाही दंड लावा राव, त्यांच्यामुळेच ती रोडवर येऊन बसतात.

सुरुवात मुरदोलीपासून करा. पावसाळ्याआधी मोऱ्या साफ झाल्या तरी चालेल, ब्रेकरचं बघू मग.

तुमचा,
याच रोडने रोज जाणारा एक गोंदियाकर