हवामान यंत्रातील दोषांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या डिसेंबरात वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेने पालकांच्या वर्गणीतून आपले स्वयंचलित हवामान यंत्र घेतले. माहितीपत्रकावर समुद्राला भिडलेल्या हिमनदीशेजारी हेच यंत्र उभे दिसते. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरील कोंग्सफ्योर्ड या खाडीत अशा हिमनद्या आहेत आणि त्याच किनाऱ्यावर २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, हे मी वर्गात नुकतेच शिकवले होते. चित्र पाहून मुलांनी हेच यंत्र हवे म्हणून हट्ट धरला.

नवतप्यात, २७ मे रोजी दुपारी अडीचला यंत्राने ५१.३ अंश दाखवले. शेजारच्या लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीतला पारा ४४.८ वर होता. पहाटे मात्र दोन्ही आकडे जुळतात. म्हणजे तापमान मोजणारा संवेदक ठीक आहे, त्याला ऊन लागू नये म्हणून बसवलेली तबकड्यांची छत्रीच उन्हाने तापते. मी ती उघडून पाहिली. तबकड्या इतक्या चिकटून बसवल्यात की मधून वारा खेळतच नाही. आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले, “विदर्भात ऊन असतंच हो सर.” हे उत्तर मला मान्य नाही. हिमनदीवर ऊन वरून येते, तसे बर्फावरून परतून खालूनही येते. तिथे छत्रीला दोन्हीकडून आडोसा लागतो, वारा पडला तर पंख्याने हवा खेळवावी लागते. तिथल्यासाठी बनवलेली छत्री इथे साडेसहा अंशांनी चुकायला नको होती.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ६ जूनपासून बारा दिवस मोबाइलचा टॉवर बंद होता आणि तेवढ्या साऱ्या नोंदी गेल्या. मृगाचा पहिला पाऊस त्यातच पडला. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विभाग सांगतो, म्हणून लोक आकडा विचारायला शाळेत येत होते. सुटीतही पाळीने येणाऱ्या मुलींनी साध्या पर्जन्यमापकाने मोजले म्हणून आम्ही काही सांगू शकलो. हिमनदीजवळ माणूस महिनोन्महिने फिरकत नाही. तिथल्या यंत्रांत संपर्क तुटला तरी नोंदी आतच साठून राहतात. आपल्या यंत्रात साठवणीची सोयच नाही, तरी पत्रकावर ‘नोंदी सुरक्षित’ छापले आहे.

पंधरा दिवसांत छत्री बदलून, साठवणीचे नोंदयंत्र बसवून द्यावे, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जावे लागेल.

आपला,
विज्ञान शिक्षक

सोबत : पावतीची प्रत, मुलींच्या नोंदवहीची बारा पाने