भरतीची धाव आणि नडगीचे दुखणे

संपादक महोदय,

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे सैन्यात जाण्याची ओढ इथल्या घराघरांत आहे, आणि खानापूरपासून निपाणीपर्यंत गावोगावचे तरुण पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. भरतीची तारीख जवळ आली की ते धावण्याचे अंतर एकदम वाढवतात, आणि मग नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखू लागते. असे दुखणे हाडाला गेलेल्या बारीक तड्याचे असू शकते. मात्र पहिले दोन-तीन आठवडे तो साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही. अहवाल चांगला आला म्हणून वेदनाशामक गोळ्या घेऊन मुलगा पुन्हा धावतो आणि क्वचित हाड पूर्ण मोडते. वेळीच ओळखले तर बहुतेकांना सहा ते आठ आठवडे धावणे थांबवून पुढे हळूहळू सराव वाढवणे पुरते. त्यासाठी महागडी यंत्रे लागतातच असे नाही. महिनाभरात धावणे किती वाढवले, जेवण काय असते, आणि मुलगी असेल तर पाळी नियमित येते का, हे तपासणाऱ्याने विचारले पाहिजे. अपुऱ्या आहाराने पाळी थांबलेल्या मुलीचे हाडही कमजोर होत असते, हे पालकांना कोणी सांगत नाही, याचे मला क्रीडाशिक्षक म्हणून फार वाईट वाटते.

कुस्ती आणि कबड्डीतील गुडघ्याचेही तेच. झटका बसताना आतून आवाज आला, काही तासांत गुडघा सुजला आणि पुढे चालताना तो दगा देऊ लागला, तर आतला अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, तुटल्याची शक्यता मोठी असते. अशा ताज्या सुजेवर चोळणे आणि गरम शेक देणे टाळावे. शस्त्रक्रिया झाल्यास साधारण नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये, असे तज्ज्ञ सांगतात. आमच्याकडे मात्र जत्रेचे मैदान जवळ आले की हा हिशेब कोणी धरत नाही.

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस खेळाच्या दुखापतींसाठी राखून ठेवावा, तिथे अस्थिरोगतज्ज्ञाबरोबर फिजिओथेरपिस्टही बसावा आणि व्यायामाची माहिती कन्नडबरोबर मराठीतही छापून मिळावी, अशी माझी आरोग्य खात्याला विनंती आहे. वेळ दुपारची ठेवल्यास जांबोटी, कणकुंबीकडील मुलांना तपासणी करून त्याच दिवशी घरी परतता येईल.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक, खानापूर