लकव्याला सरसकट २४ तास नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला पान ४ वरचा लकव्यावरचा लेख वाचला. लेख डॉक्टरांचा आहे आणि त्यांनी बारीक अक्षरात सगळं बरोबरच लिहिलंय. माझं भांडण मथळ्याशी आहे. ‘लकव्यावर २४ तासांपर्यंत उपचार शक्य!’ आत लेखात ‘काही निवडक रुग्णांमध्ये’ असे शब्द आहेत. मथळ्यातून नेमके तेवढेच गाळले. आमच्या गावात किती जण मथळ्याखालचं वाचतात, ते मला चांगलं माहीत आहे.

काल सकाळी चहाच्या वेळी माझ्या दिरांनी तो मथळा मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “बघा वहिनी, २४ तास असतात. तुम्ही तेव्हा उगाच आकांत केलात.” शेजारी माझे यजमान बसले होते. त्यांना सगळं समजतं, बोलता येत नाही. पाच वर्षं झाली. त्यांनी डाव्या हाताने पेपर ओढून घेतला आणि त्या ‘२४’ वर बोट आपटत राहिले. दीर उठून बाहेर गेले.

आमच्याकडे ‘वारं गेलं’ म्हणतात. ह्यांच्या अंगावरून वारं गेलं ते सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या नुकत्या लागल्या होत्या म्हणून वेळ पक्की लक्षात आहे. हे परसातून आत येत होते. उजव्या पायातली चप्पल उंबऱ्याशी निसटली आणि हे तसेच पुढे आले, एक पाय चपलेत, एक अनवाणी. मी म्हटलं, “अहो, चप्पल राहिली की.” त्यांना पत्ताच नव्हता. मग चहाचा पहिला घोट ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि ‘ब… ब…’ एवढंच बाहेर आलं.

साडेसातला आम्ही गावातल्या दवाखान्यात होतो. २५ मिनिटांत. याहून लवकर कोण पोचणार? तिथे बीपी बघितलं, १९०च्या पुढे होतं. जिभेखाली गोळी ठेवली, सलाईन लावलं आणि “बीपी उतरलं की हात सुटेल, दुपारपर्यंत बघू” असं सांगितलं. बीपी उतरलं. हात सुटला नाही. एक वाजता चिठ्ठी मिळाली, साताऱ्याला न्या.

तेव्हा मला काही कळत नव्हतं. नंतर मिळेल ते वाचलं, माझी भाची मेंदूविकाराच्या वॉर्डात सिस्टर आहे, तिला विचारून विचारून समजून घेतलं. मेंदूची वाहिनी गुठळीने बंद झाली की शरीर आपणहून बीपी वाढवतं. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून त्या अर्धमेल्या भागाला थोडं तरी रक्त मिळावं म्हणून. ते धाडकन खाली आणायचं नसतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं असेल तर ते १८५/११०च्या खाली आणतात, तेही शिरेतून औषध देऊन, सारखं मोजत. आणि मुळात गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅन केल्याशिवाय नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही. एकात जे औषध जीव वाचवतं तेच दुसऱ्यात जीव घेईल. त्या दवाखान्यात सीटी नव्हतं, हा त्यांचा दोष नाही. सीटी नसताना साडेपाच तास ठेवून घेतलं, हा आहे.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. मेंदूची मोठी वाहिनी बंद झाली की मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब अमेरिकेतल्या डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. साडेसात ते एक म्हणजे ३३० मिनिटं. ३३० गुणिले १९ लाख, ६२ कोटी ७० लाख. हा गुणाकार मी एकदाच केला. पुन्हा करवला नाही.

साताऱ्याला तीन वाजता सीटी झालं. रक्तस्राव नव्हता, पण इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ साडेअकरालाच संपली होती. पुण्याला नळी घालून गुठळी काढतात असं कळलं, ॲम्ब्युलन्स मिळवली आणि रात्री नऊला पुणे गाठलं. म्हणजे १४ तास. दिरांना माझं सांगणं हेच आहे, आम्ही त्यांच्या २४ तासांच्या आत होतो! तिथल्या डॉक्टरांनी स्कॅनचं रंगीत चित्र माझ्यासमोर धरलं. तग धरून असलेला भाग हिरवा दाखवतात. हिरवं जवळजवळ उरलंच नव्हतं. आता गुठळी काढली तर मेलेल्या भागात रक्तस्राव होण्याची भीती जास्त, म्हणाले. त्यांनी नकार दिला आणि तो बरोबरच होता.

हे २४ तास आले कुठून? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने अल्टेप्लेज हे इंजेक्शन ३ तासांच्या आत दिलं तर उपयोग होतो हे दाखवलं. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती मर्यादा साडेचार तासांवर नेली. नळीने गुठळी काढण्याची नेदरलँड्समधली चाचणी २०१५ची, ती ६ तासांच्या आतली. २४ तासांचा आकडा ‘डॉन’ नावाच्या चाचणीचा, २०१८ मध्ये छापून आलेल्या. तिच्यात रुग्ण २०६. तीन महिन्यांनी गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के स्वतःचं स्वतः करू शकत होते, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी १३ टक्के. फार मोठी गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण मोठी वाहिनी बंद, लक्षणं जबर आणि तरी मेलेला भाग लहान, अशांनाच निवडून तिच्यात घेतलं होतं. ह्यांच्यासारख्याला त्या चाचणीत जागाच नव्हती. उशीर झालेल्यांतल्या थोड्यांना मिळालेली संधी तुम्ही सगळ्या जिल्ह्याला सवलत म्हणून वाटलीत.

त्यापेक्षा हे छापा ना, की हिमाचल प्रदेशात २०१४ पासून, मेंदूविकारतज्ज्ञ नसलेल्या जिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर सीटी काढून शिमला आणि टांड्याच्या तज्ज्ञांना फोनवर विचारतात आणि तिथल्या तिथे इंजेक्शन देतात. औषधाचा खर्च राज्य सरकारचा. डोंगरातल्या राज्याला जमतं. टेनेक्टेप्लेज हे नवं औषध तर तासभर ठिबकत द्यावं लागत नाही, एका दमात टोचता येतं, आणि आपल्या पुण्यातली जेनोव्हा कंपनी ते बनवते. ते माण-खटावच्या माणसापर्यंत वेळेत का पोचत नाही, यावर लेख येऊ द्या, मी सगळ्यात आधी वाचेन.

आणखी एक. त्याच अंकात पान ७ वर ‘लकवा ७ दिवसांत बरा’ अशी तेलाची जाहिरात आहे. १९५४च्या औषधे व चमत्कारिक उपाय कायद्यात ज्या आजारांवर अशी जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत लकवा आहे. तुमच्या जाहिरात विभागाने ती यादी बघावी. असलंच तेल आम्हीही वर्षभर चोळलं. त्या वर्षात फिजिओथेरपीला जायचं राहिलं, ते पैशापेक्षा जास्त लागलं.

कृपया दुरुस्ती छापा. पान ४ वरच, मथळ्याच्याच आकाराच्या अक्षरांत. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की त्याच क्षणी सीटी असलेल्या रुग्णालयात न्या. साडेचार तासांत नुसतं पोचून भागत नाही, इंजेक्शन लागलं पाहिजे. माणूस शेवटचा धडधाकट कधी पाहिला ती वेळ लिहून ठेवा, पुण्यात मला पहिला प्रश्न तोच विचारला. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका.

तो अंक आला की मी दिरांना ह्यांच्यासमोर बसवून मोठ्याने वाचायला लावणार आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
ता. माण, जि. सातारा