घरकुलाचा पहिला हप्ता दिवाळीच्या आत हवा

संपादक महोदय,

मी गवंडी आहे. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर माझं घर आहे. 22 वर्षं नाशिकला गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा इकडच्या इमारतींवर थापी चालवली आणि चार वर्षांपूर्वी आई एकटी पडली म्हणून गावी परतलो. तेव्हापासून आमच्या आणि शेजारच्या पाड्यांवर सरकारी आवास योजनेतली 14 घरकुलं बांधली. एकाही घरात मी सिमेंट किंवा सळई कमी घातली नाही. तरी त्यातली 9 घरं पहिल्याच पावसात गळली. ती का गळली हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र लिहितोय.

घरकुलाचे पैसे आमच्याकडे चुकीच्या महिन्यात येतात.

2025 च्या 22 फेब्रुवारीला पुण्यात केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते राज्यातल्या 20 लाख लोकांना मंजुरीपत्रं आणि 10 लाख जणांना पहिला हप्ता दिला गेला. आमच्या पाड्यावरही मोबाईलवर मेसेज आले. बायका एकमेकींना दाखवत होत्या. माझ्या मोठ्या बहिणीचं, ताईचं नाव त्यात होतं. दाजी जाऊन सहा वर्षं झाली, तिचं घर कारवीच्या कुडाचं, दर दिवाळीला शेणामातीने लिंपायचं. मलाही आनंद झाला. पण मेसेज वाचल्यावर मी पहिल्यांदा नदीवर जाऊन डोह पाहिला. पाणी गुडघ्याला लागत होतं, आणि होळी अजून यायची होती.

ज्यांनी कधी बांधकाम केलं नाही त्यांना वाटतं की सिमेंट वाळलं की घट्ट होतं. तसं नाही. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर मसाल्याचे, म्हणजे सिमेंट-वाळूच्या ओल्या मिश्रणाचे, वाफे बांधायचे, त्यात दोन बोटं पाणी कोंडायचं आणि ते निदान 10 दिवस आटू द्यायचं नाही. कडक उन्हात 14 दिवस. घरकुल कमीत कमी 269 चौरस फुटांचं असतं. तेवढ्या स्लॅबवर दोन इंच पाणी साठवायचं तर साडेबाराशे लिटर लागतं. आमच्या बायकांच्या भाषेत सांगायचं तर 80-85 हंडे. पुढे एप्रिलच्या उन्हात आटेल तेवढी भर रोज घालायची, म्हणजे आणखी 20 हंडे. भिंती आणि कॉलम वेगळेच. नळयोजनेचं मोजमाप माणशी दिवसाला 55 लिटर आहे. पाच माणसांच्या घराचं सगळं पाणी, पिण्यापासून धुण्यापर्यंतचं, एकट्या स्लॅबला घातलं तरी ते पुरत नाही.

नाशिकला असताना हे कधी जाणवलं नाही. तिथे टँकर यायचा, पाइप सोडला की झालं. सुपरवायझर तासातासाला स्लॅबवर पाय ठेवून ओल बघायचा.

ताईचं घर मी मजुरी न घेता बांधलं. मार्चमध्ये जोतं, पाडव्यानंतर भिंती, 19 एप्रिलला स्लॅब. इतक्या झपाट्याने कुणाचंच झालं नव्हतं. पाणी असतानाच स्लॅब उरकायचा हाच हिशोब होता. पहिले तीन दिवस नळाला पाणी आलं, आम्ही वाफे भरून ठेवले. 22 तारखेच्या रात्री डीपी, म्हणजे पाड्याला वीज देणारं रोहित्र, जळाली.

पाड्यावरची डीपी 63 केव्हीएची आहे. माझा चुलतभाऊ वायरमनचं काम शिकलेला आहे, त्याच्या हिशोबाने अशा डीपीवर 5 एचपीच्या दहा-अकरा मोटारी चालाव्यात. उन्हाळ्यात आमच्याकडे 17 चालतात. नदीकाठच्या मिरची-टोमॅटोच्या, आणि त्यातच गावच्या नळयोजनेची मोटार. बहुतेकांनी ऑटो स्विच बसवलेत, कारण शेतीची लाईट रात्री कधीही येते आणि उठून अंधारात बटण दाबायला जायचं कोणी? लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीवर तो घाव रोज पडतो. मी शेतकऱ्यांना दोष देत नाही, रात्री पाणी भरायला जाताना साप-विंचू दिसतातच, हल्ली बिबट्याही दिसतो. पण प्यायच्या पाण्याची मोटार शेतीच्या डीपीवर टाकणं ही चूक आराखडा करतानाच झाली.

ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र 48 तासांत बदलावं असं राज्य वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांत लिहिलेलं आहे. उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई मिळते, हेही त्यातच आहे. आम्हाला नवी डीपी 3 मेला मिळाली. अकरा दिवस. दोनदा आम्ही तालुक्याला गेलो, दोन्ही वेळेला सांगितलं की डीपी शिल्लक नाही. कदाचित खरंच नसेल. मला तिथल्या माणसांशी भांडायचं नाही, ती माणसंही एका डीपीच्या मागे पाच गावांचे फोन घेत बसलेली असतात.

त्या अकरा दिवसांतला एक दिवस सांगतो. 25 तारखेला दुपारी वाफे पांढरे पडायला लागले होते. ताई आणि माझी बायको डोहावरून पाणी आणत होत्या. जाऊन-येऊन दोन किलोमीटर, शेवटची चढण खडी. मी शिडीवर उभा राहून त्यांच्या हातातला हंडा वर घेत होतो. डोहाला तेव्हा सगळा पाडा लागलेला होता, झिरा उकरून वाटीवाटीने हंडा भरायचा. खालून शेजारची एक म्हातारी मावशी चालली होती, तिच्या डोक्यावर एकच कळशी. ती थांबली, वर बघितलं आणि काही न बोलता पुढे गेली. ताईने उरलेला हंडा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "दादा, आता नको." मी तिला सांगू शकलो असतो की अजून चार दिवस दम धर, नाहीतर स्लॅब जाईल. मला ते माहीत होतं. मी शिडीवरून उतरलो.

27 तारखेला स्लॅबवर केसासारख्या भेगा दिसल्या. नखाने खरवडलं तर भुकटी निघत होती. मे महिन्यात अवकाळीने धरलं, पुढे 26 मेला मान्सून मुंबईत पोहोचलासुद्धा. इतक्या लवकर पाऊस कोणाच्याच ध्यानीमनी नव्हता. ज्यांच्या भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दारा-खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत, आल्या होत्या त्यांच्या सिमेंटच्या गोण्या दगड झाल्या. ताईचा स्लॅब चुलीच्या वरच्या कोपऱ्यात गळू लागला. नागलीची पोती तिने ओढून मधल्या भिंतीला लावली. मोबाईलवरच्या नोंदीत मात्र हे घर पूर्ण आहे. फोटो काढायला आलेला मुलगा त्याचं काम नीट करून गेला, फोटोत गळती दिसत नाही.

आता कोणी म्हणेल की पेठ-सुरगाण्यात पावसाला काय तोटा? पाऊस भरपूर आहे. दमणगंगा, नार, पार या नद्यांतून तो पश्चिमेला गुजरातकडे उतरतो. आमचा खडक काळा, वरची माती थोडी, पाणी मुरायला जागा नाही. दिवाळीपर्यंत ओहोळ वाहतात, विहिरी काठोकाठ असतात. जानेवारीपासून पाणी खाली जाऊ लागतं. बांधकामाला लागणारं पाणी आमच्या डोंगरात वर्षातून चारच महिने दारात असतं, ऑक्टोबर ते जानेवारी. ऊनही त्या दिवसांत मऊ असतं, स्लॅब तडकत नाही. पण सरकारी पैसा मार्चअखेर संपवायचा असतो, म्हणून तो फेब्रुवारीत सुटतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे, मीच आधी सांगतो. दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होतात. पिकअप भरभरून माणसं सावळघाट चढून दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत जातात आणि होळीला परततात. घरी माणूसच नाही तर घर कोण बांधणार? याला उत्तर योजनेतच आहे. घरकुलाबरोबर लाभार्थ्याला स्वतःच्या घरावर राबल्याबद्दल रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी मिळते. 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता, म्हणजे 28 हजारांच्या वर रक्कम होते. बागेत रोज यापेक्षा जास्त सुटतो हे खरं, पण तिथे लेकरं बांधावर झोपतात आणि शाळा बुडते. ही मजुरी नोव्हेंबरपासून दर आठवड्याला हातात पडली, तर निदान घरातला एक कर्ता माणूस मागे राहील. आज हजेरीपत्रकाचे पैसे कधी येतील याचा भरवसा नसतो, म्हणून कोणी थांबत नाही. रोजगार हमी ही मूळची याच राज्यातली, 1972 च्या दुष्काळातून उभी राहिलेली. ती आम्हाला नीट चालवता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट गवंड्यांची. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं नाशिक-त्र्यंबकला निघत आहेत. सेंट्रिंगवाले, फिटर, गवंडी सगळ्यांना तिकडून बोलावणं येणार आणि रोजही चांगला मिळणार. त्यांनी जावं, मीही तरुण असतो तर गेलो असतो. पण सिंहस्थ होईपर्यंतच्या उन्हाळ्यांत पाड्यांवर सळई बांधायला माणूस मिळणार नाही, हे आत्ताच लक्षात घ्यायला हवं.

कौलाचं छप्पर का घालत नाही, असंही मला नाशिकच्या एका इंजिनिअरसाहेबांनी विचारलं होतं. कौलाला पाणी मारावं लागत नाही, घर थंड राहतं, आणि योजनेत स्लॅबच हवा असं बंधन नाही, पक्कं छप्पर हवं. मला स्वतःला कौलंच आवडतात. पण सागाचं लाकूड परवान्याशिवाय तोडता येत नाही, लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, महाग पडतात, आणि माकडं एका सकाळी अर्धं छप्पर उपसून टाकतात. त्यातून 2025 मध्ये राज्याने घरकुलाला 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहेत. ही चांगली गोष्ट आहे. आमच्याकडे आषाढात चार-चार दिवस अंधार असतो. पण पॅनेलचे पाय स्लॅबमध्ये पक्के करायला भोकं पाडावी लागतात. भुकटी सुटणाऱ्या स्लॅबला भोक पाडायचं धाडस मी करणार नाही.

सौरऊर्जा आधी पाण्याला लावा, असं मला वाटतं. शेजारच्या पाड्यावर बोअरवर सौर दुहेरी पंप आहे, त्याच बोअरवर हातपंपही आणि वर पाच हजार लिटरची टाकी. डीपी जळो की तार तुटो, ऊन पडलं की टाकी भरते. ज्या अकरा दिवसांत आमच्या बायका झिरा उकरत होत्या, त्या दिवसांत तिथे नळाला पाणी होतं. घरकुलाची यादी लावताना कुठल्या पाड्यावर असा पंप आहे आणि कुठे नाही एवढं जरी पंचायत समितीने एका कागदावर मांडलं, तरी पुष्कळ घरं वाचतील. आज घरकुलाची फाईल एका टेबलावर, पाण्याची दुसऱ्या, विजेची तिसऱ्याच गावी.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो. डांबर संपतं तिथून आमचा पाडा दीड किलोमीटर आत आहे. वाळू फुकट मिळाली तरी तिथून पुढे ट्रॅक्टरचं भाडं लाभार्थ्याचं, आणि पाऊस पडला की ट्रॅक्टरही येत नाही. दिवाळीला हप्ता मिळाला तर रस्ता वाळलेला असतो, हेही त्यात आलं.

आता दसरा झाला आहे, भात कापणीला आलंय. ओहोळाला अजून धार आहे, म्हणून या पंधरवड्यात मी ताईच्या स्लॅबवरचा सुटा थर काढून वर जलरोधक घातलेला मसाला ओढतोय. सिमेंट आणि पावडर मिळून साडेअकरा हजार लागले, ते तिने दोन शेळ्या विकून उभे केले. पोत्यांची ओली घडी टाकून पाणी मारायला तिची दोन्ही मुलं सकाळी शाळेच्या आधी येतात. यादीत आमच्या पाड्याची आणखी 9 नावं मंजूर आहेत, त्यांचा पहिला हप्ता अजून आलेला नाही. आज विहिरीत पाणी काठापासून चार फुटांवर आहे.

आपला,
एक गवंडी
ता. पेठ, जि. नाशिक